कॅनचा किल्ला

अक्का,

तू गेलीस त्याला दीड महिना झाला. आमच्या सणसवाडीच्या खोलीत तुझी भावजय माया अजून तेलाचा कॅन रिकामा झाला की सोडा घालून धुते आणि दाराशी उलटा निथळत ठेवते. परवा तीन साठले. मी म्हटलं, "आता कशाला धुतेस?" तर म्हणाली, "तेलकट ठेवला तर अक्का ओरडतील." मी तिन्ही कॅन उचलून आत ठेवले.

तुझ्या जलदानाच्या दिवशी विहारात सगळे तुझ्याबद्दल बोलले. कष्टाळू होती, मायाळू होती, इतकी वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. सगळं खरं. पण ऐकताना मला सारखं वाटत होतं, हे नक्की कोणाबद्दल बोलतायत? तुला नुसती मायाळू म्हणणाऱ्यांनी तुझ्या तोंडचा मार कधी खाल्लेला नाही. मी धाकटा भाऊ, मी खाल्लाय. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी जागेवरून उठलोच नाही. तुझं दुखणं, दौंडचा दवाखाना, शेवटचे ते चार दिवस, हे प्रज्ञाला ठाऊक. तुझ्या लेकीनं तुझं सगळं मनापासून केलं. मला दुसरंच बोलायचं होतं आणि ते विहारात बोलण्यासारखं नव्हतं.

मला आपल्या भांडणाबद्दल बोलायचंय.

मी कॅन बनवणाऱ्या कंपनीत ऑपरेटर. वितळलेलं प्लास्टिक नळीसारखं खाली येतं, साचा मिटतो, आत हवा भरते, साचा उघडतो आणि पाच लिटरचा कॅन बाहेर पडतो. अठरा वर्षं मी हेच बघतोय. तू एकदा मला विचारलं होतंस, "एवढं कॅन जात्यात कुठं?"

"तेलवाल्यांकडं."

"आन् तिथनं?"

"लोकांच्या घरात."

"आन् तिथनं?"

मी कधी तिथपर्यंत गेलोच नव्हतो.

तुझ्या वडगाव रासाईच्या अंगणवाडीला अंगण होतं, पण अंगणात काही नव्हतं. एक टायर होता आणि त्याच्यावरून रोज रडारड. मग एक दिवस त्या चार वर्षांच्या परीनं खिचडीच्या तेलाचा रिकामा कॅन दोन पायांत धरला, त्याची मूठ लगामासारखी पकडली आणि घोडा करून अंगणभर पळवला. सगळी पोरं तिच्या मागं. टायर तसाच पडून. तू मला फोन करून सांगितलंस, "सुधाकर, मला लई घोडी लागत्यात." मी हसलो आणि विसरलो. तू विसरली नाहीस.

त्या रविवारी मी पहिली शिफ्ट करून आलो. आमच्या ओळीत बारा खोल्या, कोणी बिहारचं, कोणी यूपीचं, कोणी नांदेडचं. तू माझ्या दारात नव्हतीस. ओळीच्या टोकाला उभी होतीस, काखेत पोतं, आणि एका बाईला तुझ्या हिंदीत सांगत होतीस, "तेल का खाली डब्बा है क्या? धुवा हुआ नसला तरी चलेगा." शेजारचा रामजीत नळावर हातपाय धूत होता. तो मला म्हणाला, "भैया, दीदी कबाड़ का काम करती हैं क्या?"

त्यानं वाकड्यात विचारलं नव्हतं. पण माझी कानशिलं तापली. मी तुला हाताला धरून खोलीत आणलं आणि दार लावून घेतलं.

"अक्का, काय चाललंय तुझं? आपल्या आज्यानं गावकीची कामं एका दिवसात टाकली. दुसऱ्याच्या दारातलं उचलणार न्हाई म्हणाला. त्यापायी गावानं पाणी तोडलं तरी मागं फिरला न्हाई. म्हणून मी आज कंपनीत हाय. आन् तू पोतं घेऊन दारोदार?"

तू पोतं खाली ठेवलंस. मला वाटलं रडशील. तू शांतपणे पदर खोचलास.

"आज्याला लोक हुकूम द्यायचे, उचल म्हणून. मला कोणी हुकूम दिलाय? मी इचारते, देताय का? त्या म्हणत्यात, ले जाओ दीदी. मी धुते. आन् त्याचं काय करायचं ते माझं मी ठरवते. कुठं हाय ह्यात गावकी?"

"तरी भंगारच हाय ते."

"तू बनवतोस तवा भंगार नसतंय व्हय रं?"

माया चहा टाकत होती. तू चहा न घेता गेलीस. दोन गाड्या बदलून, कॅननं फुगलेलं पोतं मांडीवर घेऊन. मी सोडायलासुद्धा आलो नाही, अक्का. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या पोत्यासोबत स्टँडवर उभं राहायची मला लाज वाटली.

चार महिने आपण बोललो नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी मी वडगावला आलो. घराला कुलूप होतं म्हणून अंगणवाडीकडं वळलो. वावटळ येऊन गेली होती आणि तू अंगणात गुडघ्यावर बसून कॅन गोळा करत होतीस. कडुलिंबाखाली तू भिंत रचली होतीस, पोरांच्या छातीएवढी, आणि वाऱ्यानं ती लोळवली होती. कॅन पार नदीच्या वाटेपर्यंत गेले होते. मीही कॅन वेचायला लागलो. आपण दोघं अर्धा तास वेचत होतो, तू त्या टोकाला, मी ह्या टोकाला.

शेवटी मीच म्हटलं, "रिकामे उभे राहणार न्हाईत ते. खालच्या ओळीत मुरूम भरायचा. मधल्या ओळीत अर्धा. वरचे रिकामे."

तू कंबरेवर हात ठेवलेस. "मग इतके दिवस तोंडात काय धरलं हुतंस?"

बस. तेवढ्यावर भांडण मिटलं, किंवा मिटल्यासारखं झालं.

त्या उन्हाळ्यात मी प्रत्येक सुट्टीला वडगावला आलो. मला वाटायचं मी तुला शिकवतोय. मी फॅक्टरीतला माणूस, मापं घेणारा. झाकणं घट्ट लाव, पाणी शिरलं की डास होतात, ही माझी अक्कल. भिंत बांधायला मी लोखंडी तार आणली होती. तू तार हातात घेऊन बघितलीस आणि बाजूला ठेवलीस. "तार गंजंल, आन् टोचंल." मग तू कुणाच्या तरी रानातून ठिबकच्या जुन्या नळ्या आणल्यास आणि एकेका कॅनच्या मुठीतून नळी ओवत गेलीस, मणी ओवावेत तशी. एक ओळ झाली की दुसरी. शेवटाला गाठ मारून मला म्हणालीस, "लोट आता."

मी लोटलं. भिंत हलली नाही.

अक्का, मूठ हा कॅनचा सगळ्यात अवघड भाग. आमच्याकडं सगळ्यात जास्त माल मुठीवर रिजेक्ट होतो. अठरा वर्षं मी त्या मुठीची चिंता केली, आणि तिच्यातून नळी ओवून कॅनला कॅन धरून ठेवता येतो हे मला कधी सुचलं नाही. तुला सुचलं, कारण तू सगळी पोरं रस्त्यावरून हाताला हात धरून आणायचीस. मी दुसऱ्या दिवशी कंपनीत ही गोष्ट आमच्या सुपरवायझरला सांगितली. तो म्हणाला, "कोणी केलं? कोण आहेत त्या?" मी म्हणालो, "आहेत आमच्या ओळखीच्या." बहीण म्हणालो नाही. तेव्हाही नाही.

मग गावातनं चिरलेली निळी पिंपं यायला लागली. घरोघरी त्यांत पाणी साठवायचे, तळाला चीर गेली की ती गोठ्यामागं पडून असायची. मी दोन्ही तोंडं कापून द्यायचो, तू ती आडवी मुरमात निम्मी पुरून बोगदा करायचीस. कापलेल्या कडेवर ठिबकची नळी उभी चिरून बसवायची, ही तुझी युक्ती. आणि मग तू प्रत्येक कडेवरून मनगटाची आतली बाजू फिरवायचीस. मी एकदा विचारलं, तळहात का नाही फिरवत? "तळहाताला काय कळतंय? त्यो मेलाय कवाचा. मनगट अजून पोरावानी हाय." जरा कुठं खरखर लागली की मला परत घासायला लावायचीस. रंगाच्या बादल्या मुरूम भरून झाकणं लावून उलट्या पुरल्यास, त्यांच्यावरनं पोरं टणाटण उड्या मारत जायची. भिंतीला खिडकी ठेवलीस, तिथं पोरांचं किराणा दुकान. दिवाळीत मातीचा किल्ला करतात तसा हा दिसतो म्हणून पोरांनीच त्याला नाव दिलं, कॅनचा किल्ला.

आणि मग फूलशेतीवाले अण्णा आले.

त्यांच्या नातीनं घरी जाऊन किल्ल्याचं कौतुक केलं होतं. अण्णांनी ट्रॉलीत पंचवीस-तीस कॅन आणले. सगळे एका मापाचे, जाड, नवे कोरे दिसणारे, धुतलेले. माझे डोळे चमकले. असा माल आपल्याला वर्षात मिळाला नसता. तू एक कॅन उचललास, झाकण उघडून वास घेतलास आणि परत ट्रॉलीत ठेवलास.

"अण्णा, हे फवारणीच्या औषधाचे हायत."

"धुतलेत की चार पाण्यानं."

"दहा पाण्यानं धुतले तरी नकोत. पोरं कॅनला तोंड लावत्यात."

अण्णा तुझ्याकडं बघत राहिले. मला त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते दिसत होतं. आपल्या आज्यानं त्यांच्या आज्याच्या दारात उभं राहून भाकर घेतलेली होती. आणि आज ते आपणहून घेऊन आले होते, तर आपण नको म्हणत होतो.

"म्हंजी आमचं तुम्हाला चालत न्हाई?" त्यांनी विचारलं. आवाज खाली होता, पण तसाच आवाज जास्त भीती घालतो. मी मधे पडायला गेलो, "अक्का, बाजूला ठेवू, नंतर बघू." तू माझ्याकडं बघितलंसही नाही.

"तुमचं चालतंय, अण्णा. इख चालत न्हाई. तुमची नात हितंच खेळती. तिच्या तोंडात जाईल ते मी कसं घेऊ?"

ट्रॉली वळली. आठ दिवस त्यांची नात अंगणवाडीत आली नाही. गावात कुजबूज झाली, अंगणवाडीच्या बाई घाबरल्या, मी तुला फोनवर म्हणालो की जाऊन दोन शब्द गोड बोलून ये. तू म्हणालीस, "पोरीला आणायला रोज जाते त्यांच्या दारात. ते माझं कामच हाय. पण माफी मागायला जाणार न्हाई." आणि तू खरंच रोज गेलीस. रोज त्या दारात उभी राहून नातीला हाक मारलीस आणि एकटी परत आलीस.

नवव्या दिवशी अण्णा स्वतः आले. एका हाताला नात आणि डोक्यावर निळं पिंप. डोक्यावर, अक्का. तू मला ते सांगताना तुझा आवाज बदलला होता. त्यांनी पिंप अंगणात टेकवलं आणि म्हणाले, "घरातलं हाय. प्यायचं पाणी असायचं ह्यात. वास घेऊन बघा पाहिजे तर." तू वास घेतलास. मला ठाऊक आहे, तू घेतलाच असणार. आणि मग म्हणालीस, "चहा करते, बसा." ते बसले. आपल्या वस्तीच्या अंगणवाडीत, पायरीवर. ते पिंप म्हणजे किल्ल्याचा मोठा बोगदा.

आपलं एक भांडण मात्र राहून गेलं. मला किल्ला रंगवायचा होता. पिवळा, लाल, निळा, नीट शहरातल्या बागेसारखा. तू म्हणायचीस, रंग न्हाई द्यायचा, कॅनवरचे कागदसुद्धा काढायचे न्हाईत. का, तर पोरगं येतं, बोट ठेवतं आणि म्हणतं, हा आमच्या घरचा. मी म्हणायचो, अक्का, लोकांना ते भंगार दिसतं. तू म्हणायचीस, लोकांना म्हणावं खाली वाकून बघा, पोराच्या उंचीवरनं. मी म्हणायचो, उन्हानं कॅन दोन वर्षांत ठिसूळ होतील. तू म्हणायचीस, "मग बदलू. पोरं पण दोन वर्षांनी बदलत्यातच की." ह्या भांडणात कोण जिंकलं ते ठरलं नाही. मला अजूनही वाटतं थोडा रंग पाहिजे होता. आता हे कोणाशी भांडू?

मागच्या थंडीत माया आजारी पडली म्हणून तू सणसवाडीला चार दिवस येऊन राहिलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिफ्टवरून आलो तर तू रामजीतच्या खोलीच्या खिडकीखाली जमिनीवर बसलेलीस. दाराला बाहेरून कडी आणि कुलूप. आत त्याची पाच वर्षांची रिंकू आणि तिचा भाऊ. आई-बाप दोघंही कंपनीत. रिंकू गजांतून हात बाहेर काढून तुझ्या बांगड्यांशी खेळत होती. तू सकाळपासून तिथंच होतीस. मायाला औषध द्यायला तेवढी उठायचीस आणि परत येऊन बसायचीस.

मी रोज त्या खिडकीवरून जायचो, अक्का. मला ती पोरं दिसत होती. पण बारा खोल्यांपैकी पाच खोल्यांना अशीच कडी असायची, म्हणून ते दिसूनही दिसायचं नाही.

संध्याकाळी तू जेवताना एवढंच म्हणालीस, "ह्यांच्या घरचे कॅन मी वडगावला नेले. तिथली पोरं खेळत्यात. ह्यांची खिडकीत." आणि भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवलास.

दुसऱ्या दिवशी तू मला काही कर म्हणालीस का? नाही. पण मी खोलीमालकाकडं गेलो आणि खोल्यांमागची मोकळी जागा मागितली. तो म्हणाला, पुढं बांधकाम काढीन तेव्हा हलवावं लागेल. मी म्हटलं, हलवू, मुरूम ओतून दिला की कॅन डोक्यावर जातात. मग मी पोतं घेतलं. पहिलं दार रामजीतचंच वाजवलं. "तेल का खाली कॅन है क्या, भाई?" त्यानं माझ्याकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं, आणि आत जाऊन चार कॅन घेऊन आला. धुतलेले. "दीदी के लिए रखे थे," म्हणाला. सगळ्या ओळीनं तुझ्यासाठी कॅन राखून ठेवले होते. मी नव्हतो विचारत म्हणून पडून होते.

तीन रविवार लागले. रामजीतनं मुरूम वाहिला, नांदेडच्या दोघांनी पिंपं कापली. आता ज्या बाईची शिफ्ट नसते ती मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसते आणि पाचही दारांच्या कड्या उघड्या असतात. काम पुरं झालं त्या दिवशी तू आलीस. आल्या आल्या सगळ्या कडांवरून मनगट फिरवलंस. एका बोगद्याच्या तोंडाशी थांबलीस. मनगटावर बारीक लाल रेघ. "हितं," म्हणालीस. सगळ्यांसमोर मला ती कड परत घासायला लावलीस, नळी बदलायला लावलीस, आणि परत मनगट फिरवून बघितलंस. मग रिंकू आत शिरली आणि दुसऱ्या टोकाला ओरडत बाहेर आली.

तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "बरं केलंस."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. अक्का, तू बरोबर होतीस, आज्याचं नाव घेऊन मी तुला जे बोललो ते चुकीचं होतं, आजा असता तर त्यानंही पोतं घेतलं असतं. हे सगळं जिभेवर होतं. मी म्हणालो, "चहा घेतेस का?"

तू म्हणालीस, "घेते."

तुझा फोन सध्या माझ्याकडं असतो. पंधरा दिवसांपूर्वी राहू गावच्या एका अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला. कोणाकडून तरी त्यांना वडगावच्या किल्ल्याबद्दल कळलं होतं. त्यांनी कॅन साठवले होते, पुढं कसं करायचं ते बघायला तुला बोलवायचं होतं. तू गेलीस हे ऐकून त्या गडबडल्या, राहू द्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मी येतो."

काल सुट्टी होती. दौंडहून प्रज्ञा आली, सणसवाडीहून मी आणि माया. दिवसभर काम केलं. प्रज्ञाला ओवायला तुझ्यासारखंच पटकन येतं. राहूच्या बायका हुशार आहेत, दुपारपर्यंत आम्हाला काही सांगायची गरज उरली नाही. मनगट मी फिरवलं. माझा तळहातही मेलेलाच आहे, ते कालच कळलं.

निघताना बाईंनी भेटीची वही पुढं केली. नाव, गाव, हुद्दा असे रकाने. त्यांनीच लिहायला घेतलं. नाव सांगितलं. गाव वडगाव रासाई सांगितलं.

"आणि हुद्दा काय लिहू? इंजिनिअर का?"

"मदतनीस," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी तुझा सांगतोय. "बहिणीचा नाही दादा, तुमचा विचारतेय."

"माझाच सांगतोय, बाई. लिहा. मदतनीस."